डॉसन यांचा ‘विजय’ आणि एक सांधलेले चित्र : सायलोफायटॉनची चुकीची सांगितली जाणारी कथा

१/
आजचा धागा एका चित्राविषयी आहे. जमिनीसरपट पसरलेले आडवे खोड, त्यातून वर उठून पुन्हा पुन्हा दुभंगणाऱ्या काटेरी काड्या, काही टोके गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, आणि लोंबणाऱ्या इवल्या पिशव्या. पान नाही, फूल नाही. या चित्रासोबत जी कथा सांगितली जाते तिचा आशय असा: १८५९ मध्ये विल्यम डॉसन यांनी ही वनस्पती मांडली, विद्वानांनी त्यांना हसून वाळीत टाकले, सुमारे साठ वर्षांनी डॉसन खरे ठरले. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे खोटे आहे. तिसरे अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते खोडून काढणे अधिक कठीण आहे.

२/
आधी वनस्पतीची ओळख करून घेऊ. तिचे नाव सायलोफायटॉन. ग्रीक भाषेतून घडवलेल्या या नावाचा अर्थ ‘उघडी वनस्पती’. ही प्रजाती सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन कालखंडाच्या पहिल्या भागात पृथ्वीवर नांदली आणि नामशेष झाली. उंची फार तर दोन फुटांच्या आसपास. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: ज्या काळ्या पाषाणातून आपले सह्याद्रीचे कडे आणि वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, तो दख्खनचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. सायलोफायटॉन त्याच्या सहापट जुनी.

३/
ती जमिनीवरची पहिली वनस्पती नव्हे. कुकसोनियासारख्या प्रजाती तिच्याहूनही जुन्या आहेत. तिचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. तिच्या काडीच्या मध्यातून पाणी वाहून नेणाऱ्या पेशींचा भक्कम दोर जात होता. अशा अंतर्गत वाहिन्या असलेल्या वनस्पतींना आपण वाहिनीवंत वनस्पती म्हणतो. वाहिन्या नसत्या तर पाण्यापासून दूर, उन्हावाऱ्यात ताठ उभे राहणे शक्य झाले नसते. भात, आंबा, वड, साग यांच्या खोडांत आज जे काम चालते, त्याचा फार जुना आणि फार साधा नमुना या काडीत पाहायला मिळतो.

४/
आता स्थळ. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, सेंट लॉरेन्सच्या आखाताला भिडणारे गास्पे नावाचे द्वीपकल्प आहे. कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले संचालक विल्यम लोगन १८४३ मध्ये तेथील किनाऱ्यावरचे खडक तपासत होते. वालुकाश्मात त्यांना वनस्पतींचे ठसे मिळाले. पुढे हे नमुने जॉन विल्यम डॉसन यांच्या हाती आले. डॉसन मूळचे नोव्हा स्कोशियातील पिक्टूचे, जन्म १८२०, आणि १८५५ पासून माँट्रियलच्या मॅकगिल संस्थेचे प्राचार्य. लोगन यांच्या नमुन्यांवर विसंबून न राहता ते स्वतः गास्पेला गेले आणि त्यांनी आणखी ठसे गोळा केले.

५/
१८५९ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात डॉसन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ‘सायलोफायटॉन प्रिन्सेप्स’ हे नाव दिले आणि तुकड्यांवरून संपूर्ण वनस्पतीचे पुनर्रचित चित्र काढले. डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाहेर पडला, हा योगायोग लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे. डॉसन यांचे मुख्य म्हणणे असे होते की, एके काळी जमिनीवर अशा वनस्पती होत्या ज्यांना पाने जवळजवळ नव्हतीच. दुभंगणाऱ्या काड्या आणि बीजुकांच्या पिशव्या एवढाच त्यांचा संसार.

६/
हे म्हणणे धाडसी होते आणि मुळात बरोबर होते. इथपर्यंत डॉसन यांचे श्रेय कुणी नाकारू नये. माझा आक्षेप डॉसन यांच्यावर नाही. आक्षेप आहे तो त्यांच्याभोवती रचल्या गेलेल्या दोन बखरींवर. पहिली बखर त्यांना हुतात्मा करते. दुसरी त्यांना धर्मवेडा ठरवून त्यांचे सारे काम कचऱ्यात टाकते. दोन्ही बखरींना माणूस हवा आहे, वनस्पती नको आहे. दोन्ही आपण पुराव्यापुढे ठेवून पाहू.

७/
पहिली बखर: ‘वसाहतीतल्या माणसाला लंडनच्या विद्वानांनी वाळीत टाकले.’ यातला खरा भाग एवढाच आहे. १८७० मध्ये रॉयल सोसायटीपुढे डॉसन यांनी बेकरियन व्याख्यान दिले. विषय होता ईशान्य अमेरिकेतील कार्बनीपूर्व काळातील वनस्पती. सोसायटीने ते व्याख्यान पूर्ण स्वरूपात छापण्यास नकार दिला. केवळ सारांश छापला. डॉसन यांच्या मनाला ही गोष्ट लागली. हे दुःख खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही.

८/
आता वाळीत टाकलेल्या या माणसाचा जीवनक्रम पाहा. १८६२ मध्ये त्याच रॉयल सोसायटीचे सदस्यत्व. १८७० मध्ये बेकरियन व्याख्यानाचा मान, जो सोसायटीच्या सर्वांत प्रतिष्ठित व्याख्यानांपैकी एक. नाकारलेले संशोधन अवघ्या वर्षभरात, १८७१ मध्ये, कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ग्रंथरूपाने छापले. १८८१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे लायेल पदक. १८८२ मध्ये कॅनडाच्या रॉयल सोसायटीचे पहिले अध्यक्षपद. १८८४ मध्ये ‘सर’ हा किताब. १८८६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्षपद. वाळीत टाकणे याला म्हणत असतील, तर असे वाळीत पडण्यासाठी रांगा लागतील.

९/
मग सायलोफायटॉनविषयी शंका का होत्या? हुतात्म्याच्या बखरीत या प्रश्नाला जागाच नसते. तिथे शंका घेणारा हा खलनायकच असावा लागतो. पण शंकेला सबळ कारणे होती. पहिले कारण दगडातच होते. गास्पेचे बहुतेक ठसे तुकड्यांचे होते. काडी एका जागी, पिशव्या दुसऱ्या जागी, आडवे खोड तिसऱ्या जागी. दगडातली एखादी उघडी काडी ही संपूर्ण वनस्पती असू शकते. ती पाने गळालेल्या नेच्याचा देठ असू शकते, किंवा एखाद्या मुळाचा तुकडाही असू शकते. अशा वेळी ‘हे सारे एकाच झाडाचे कशावरून?’ असे विचारणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.

१०/
दुसरे कारण त्याच १८५९ च्या निबंधात होते. गास्पेच्या खडकांत डॉसन यांना ओंडक्यांसारखे प्रचंड जीवाश्मही मिळाले होते. ते कुजलेल्या सूचिपर्णी वृक्षाचे खोड आहे असे मानून त्यांनी त्याला ‘प्रोटोटॅक्साइट्स’, म्हणजे ‘आद्य य्यू वृक्ष’, असे नाव दिले. विल्यम कॅरदर्स यांनी १८७२ मध्ये हे मत खोडून काढले आणि तो प्रचंड शैवल असल्याचे सांगितले. २००१ मध्ये फ्रान्सिस ह्यूबर यांनी तो कवक असल्याचे मांडले. त्याच्या नेमक्या नात्याविषयी वाद अजूनही चालू आहे. पण तो वृक्ष नव्हे, हे निश्चित. एकाच निबंधात एक मोठे निदान बरोबर आणि एक मोठे निदान चूक.

११/
तिसरे कारण सर्वांत वजनदार होते. कॅनडाच्या अतिप्राचीन चुनखडकात सापडलेल्या पट्टेदार रचनेला डॉसन यांनी १८६०च्या दशकात जीवाश्म ठरवले आणि नाव दिले ‘इओझून कॅनडेन्स’, म्हणजे ‘कॅनडाचा उषःकालीन प्राणी’. आयर्लंडमधील गॉलवेचे किंग आणि राउनी यांनी १८६६ मध्येच सांगितले की ही खनिजांची रचना आहे, प्राणी नव्हे. वाद तीस वर्षे चालला. १८९४ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातून बाहेर फेकल्या गेलेल्या चुनखडकांत हुबेहूब तशीच रचना दाखवून देण्यात आली. ती उष्णता आणि दाब यांतून घडली होती. १८९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत डॉसन यांनी आपले मत सोडले नाही.

१२/
आता क्षणभर १८७० च्या दशकातल्या वाचकाच्या जागी बसा. तुमच्यासमोर एका विद्वानाची तीन ठाम निदाने आहेत. एकावर कॅरदर्स यांनी गंभीर प्रश्न उभा केला आहे. दुसऱ्यावर जाहीर वाद पेटला आहे. तिसरे तुकड्यांवरून जुळवलेले चित्र आहे. त्या चित्राकडे तुम्ही सावधपणे पाहिले, तर तो द्वेष कसा? आज आपल्याला उत्तरपत्रिका माहीत आहे, म्हणून तेव्हाच्या परीक्षार्थींना मूर्ख ठरवणे सोपे जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावयाचा पहिला दोष तो हाच.

१३/
दुसरी बखर याच्या नेमकी उलटी. ‘डॉसन कट्टर धर्मनिष्ठ, उत्क्रांतीचे विरोधक, त्यांच्या जीवाश्मांचे काय घेऊन बसलात?’ त्यांचा विरोध ही वस्तुस्थिती आहे. डार्विन यांच्या ग्रंथावर त्यांनी १८६० मध्येच टीका लिहिली आणि अखेरपर्यंत त्या भूमिकेवरून ते हटले नाहीत. पण वाहिनीवंत वनस्पती पानांशिवायच्या साध्या काड्यांपासून पुढे कशा विकसित झाल्या, हे सांगताना उत्क्रांतीचे अभ्यासक ज्या साक्षीदाराला बोलावतात, तो दगडातून डॉसन यांनीच काढलेला आहे. गास्पेच्या वालुकाश्माने शोधणाऱ्याचा पंथ विचारला नव्हता.

१४/
आणि इओझूनचे काय? या बखरीच्या भक्तांना वाटते, तो भ्रम म्हणजे धर्मश्रद्धेचे फळ. तर मग हे ऐका: ‘ओरिजिन’च्या १८६६ च्या चौथ्या आवृत्तीत खुद्द डार्विन यांनी इओझूनचा आधार घेतला आहे. अतिप्राचीन खडकांत जीवांचा मागमूस नाही, ही त्यांच्या सिद्धांतापुढची मोठी अडचण होती. इओझूनमुळे ती काहीशी सुटत होती. एकच दगड डार्विन यांनाही हवा होता आणि डॉसन यांनाही. दोघांची कारणे वेगळी, चूक एक. ती दुरुस्त केली ती दगडाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांनी.

१५/
आता ‘साठ वर्षांनी डॉसन खरे ठरले’ या विधानाकडे वळू. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरमध्ये रायनी नावाचे खेडे आहे. पेशाने डॉक्टर असलेले विल्यम मॅकी फावल्या वेळात भूविज्ञानाचा अभ्यास करीत. १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तेथील खडकांची पाहणी करताना त्यांना गारगोटीसारख्या कठीण दगडात वनस्पतींचे अवशेष आढळले. सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वी तेथे गरम पाण्याचे झरे होते. त्या पाण्यातील सिलिकाने झाडे उभीच्या उभी दगडात जतन केली. काप घेतला की पेशीन् पेशी मोजता यावी, इतकी स्पष्ट.

१६/
रॉबर्ट किड्स्टन आणि विल्यम हेन्री लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात पाच भागांत या वनस्पतींचे वर्णन केले. त्यांतली पहिली होती ‘रायनिया’: पाने नसलेली, दुभंगणारी, टोकांवर बीजुककोश असलेली. अशा वनस्पतींसाठी त्यांनी एक नवा गण स्थापन केला आणि डॉसन यांच्या प्रजातीवरून त्याला ‘सायलोफायटेल्स’ हे नाव दिले. हा मोठा सन्मान होता आणि तो योग्य होता. पण नेमके सिद्ध काय झाले? पानांशिवायच्या वाहिनीवंत वनस्पती एके काळी होत्या, एवढे सिद्ध झाले. गास्पेचे ते चित्र अचूक आहे, हे मुळीच सिद्ध झाले नाही. रायनियाची साक्ष रायनियापुरती.

१७/
हा फरक सूक्ष्म वाटेल, पण पुढची पन्नास वर्षे त्यातच अडकली. नवा गण मिळाल्यावर डेव्होनियन खडकांतली जी जी उघडी काडी सापडे ती त्यात टाकली जाऊ लागली. सायलोफायटेल्स म्हणजे अडगळीची खोली झाली. आणि विजयी ठरलेल्या चित्राकडे पुन्हा संशयाने पाहण्याची निकड कोणाला वाटेना. ते पाठ्यपुस्तकांतून पाठ्यपुस्तकांत उतरत राहिले. उपहासाने विज्ञानाचे नुकसान होते हे सारेच सांगतात. गौरवानेही तेवढेच होऊ शकते, याचा हा दाखला.

१८/
खरी उलटतपासणी झाली १९६७ मध्ये. ह्यूबर (होय, प्रोटोटॅक्साइट्सला पुढे कवक म्हणणारे तेच) आणि कॉर्नेल विद्यापीठाचे हार्लन बँक्स यांनी सायलोफायटॉन प्रिन्सेप्सची फेरतपासणी केली. त्यांचा प्रश्न साधा होता: कोणता अवयव कोणत्या काडीला प्रत्यक्ष जोडलेला दिसतो? शेजारी पडलेला नव्हे, एकाच खडकात मिळालेला नव्हे, जोडलेला. हा प्रश्न लावताच ते प्रसिद्ध चित्र उसवले. त्यात एकाहून अधिक वनस्पतींचे तुकडे एकत्र शिवलेले होते.

१९/
मराठी इतिहासाच्या वाचकाला ही कसोटी परकी वाटू नये. पेशवे दप्तरातल्या एकाच रुमालात दोन फाटके कागद सापडले, म्हणून ते एकाच पत्राचे ठरत नाहीत. हस्ताक्षर, कागद, शाई, मोर्तब, मित्ती, आणि फाटलेल्या कडा एकमेकींना जुळतात का, हे सारे पाहावे लागते. ते न पाहता एका पत्राचा मायना दुसऱ्या पत्राच्या मजकुराला जोडला, तर नवा दस्तऐवज तयार होतो, जो कोणीच कधी लिहिलेला नव्हता. डॉसन यांचे चित्र हा असा दस्तऐवज होता. हेतू प्रामाणिक होता. वनस्पती मात्र तशी कधी उगवली नव्हती.

२०/
उसवल्यावर हाती काय आले ते पाहा. दाट काट्यांच्या, वळलेल्या टोकांच्या काड्या एका वनस्पतीच्या निघाल्या. तिचे बीजुककोश खोडाच्या बाजूंना एकेक लागत. लोंबणाऱ्या जोड-पिशव्या दुसऱ्या वनस्पतीच्या निघाल्या. तिचे बीजुककोश फांद्यांच्या टोकांवर गुच्छांनी लागत. ही दुसरी ती खरी सायलोफायटॉन. फरक आतही होता. पहिलीत पाणी वाहणाऱ्या पेशींचा दोर बाहेरून आत पक्व होई. सायलोफायटॉनमध्ये तो मध्यातून बाहेर पक्व होई.

२१/
‘पिशव्या बाजूला की टोकाला, यावरून एवढे महाभारत कशाला?’ असा प्रश्न पडेल. कारण हा फरक वाहिनीवंत वनस्पतींच्या वंशवृक्षातील सर्वांत खोल दुभंगांपैकी एकापाशी नेऊन सोडतो. काटेरी वनस्पतीचे नाते लायकोपॉड शाखेशी जुळते. दगडी कोळशाच्या अरण्यांतले महाकाय लेपिडोडेंड्रॉन वृक्ष आणि आजची सेलाजिनेला याच शाखेतली. सायलोफायटॉनचे नाते उरलेल्या साऱ्यांशी जुळते: नेचे, एक्विसेटम, सूचिपर्णी आणि सपुष्प वनस्पती. म्हणजे डॉसन यांच्या चित्रात एका घराण्याचे धड आणि दुसऱ्या घराण्याचे शिर होते. जोवर ते चित्र ‘खरे ठरलेले’ होते, तोवर त्या दोन घराण्यांतली ही जुनी वाटणी त्याच्या आड झाकलेली राहिली.

२२/
पुढची पावले झपाट्याने पडली. १९६८ मध्ये बँक्स यांनी सायलोफायटेल्स ही अडगळीची खोली रिकामी करून तिच्यातल्या वनस्पती तीन गटांत वाटल्या. १९७१ मध्ये ह्यूबर यांनी काटेरी वनस्पतीला स्वतंत्र नाव दिले: ‘सॉडोनिया’. रोमन लिपीतील डॉसन या नावाची अक्षरे उलटसुलट करून ते घडवले आहे. ‘डॉसोनिया’ हे नाव एका शेवाळीने आधीच अडवले होते. १९७५ मध्ये बँक्स, बेल्जियमच्या सुझान लक्लेर्क आणि ह्यूबर यांनी अंतर्रचनेसह उत्तम जतन झालेली एक नवी जाती वर्णिली आणि तिला ‘सायलोफायटॉन डॉसोनाय’ असे नाव दिले. या जातीमुळे प्रजातीची अंतर्रचना प्रथमच नीट कळली.

२३/
यातली एक गोष्ट हुतात्म्याच्या बखरीला आणि धर्मवेड्याच्या बखरीला सारखीच पचत नाही. ज्यांनी डॉसन यांचे चित्र उसवले, त्यांनीच त्यांचे नाव दोन वनस्पतींना दिले. ‘सायलोफायटॉन प्रिन्सेप्स’ हे मूळ नावही त्यांनी टाकून दिले नाही. ते नेमके कोणत्या नमुन्याला लागू होते, तेवढे निश्चित केले. चूक दाखवणे आणि मान देणे या दोन क्रिया एकाच हाताने, एकाच वेळी करता येतात. आपल्याकडच्या इतिहासविषयक वादांत ही साधी शक्यता किती क्वचित आठवते, हे तुम्हीच पाहा.

२४/
या कथेला एक शेपूटही आहे. उष्ण प्रदेशांत, आपल्या देशातही, सायलोटम नावाची काड्यांसारखी वनस्पती उगवते. तिला पाने जवळजवळ नाहीत, खरी मुळेही नाहीत. सायलोफायटॉनशी असलेल्या या साम्यावरून ती त्या प्राचीन वनस्पतींची जिवंत वारस असल्याचे दीर्घकाळ शिकवले गेले. रेणवीय पुराव्याने हे नाते मोडीत काढले. सायलोटम ही नेच्यांच्या शाखेतली असून ऑफिओग्लॉसमच्या कुळाला जवळची आहे. तिचा उघडेपणा मागाहून आलेला आहे. तरीही ‘जिवंत जीवाश्म’ हे बिरुद तिला अजून चिकटून आहे, कारण ते ऐकायला छान वाटते.

२५/
कोणी म्हणेल, ‘गोष्ट थोडी रंगवून सांगितली तर काय बिघडले? निदान मुलांना गोडी तर लागते.’ बिघडते ते असे. ‘ज्याला सारे हसतात तो पुढे खरा ठरतो’ हे सूत्र एकदा मनात रुजले, की त्याचा वापर कोण करतो ते पाहा. प्रत्येक भोंदू वैद्य, प्रत्येक बनावट शिलालेखाचा वाचक, प्रत्येक ‘दडपलेल्या सत्या’चा विक्रेता हेच सांगतो: मलाही हसतात, म्हणून मी खरा. इओझूनच्या बाबतीतही डॉसन यांना विरोध झाला होता. तिथे विरोधक बरोबर होते. विरोध होणे हा पुरावा नव्हे. तो दोन्ही बाजूंना तितकाच फुकट मिळतो.

२६/
उलट बाजूचे नुकसानही तेवढेच. ‘अमुक माणूस त्या पंथाचा, म्हणून त्याचा कागद टाकाऊ’ असे म्हणणाऱ्याने गास्पेचे ठसे १८५९ मध्येच फेकून दिले असते. मग १९६७ मध्ये ह्यूबर आणि बँक्स यांनी तपासले काय असते? दुरुस्ती करता आली, कारण नमुने जपून ठेवलेले होते. त्यांवर चिठ्ठ्या होत्या, ठिकाणे नोंदलेली होती. डॉसन यांच्या निष्कर्षांपेक्षा त्यांचा संग्रह अधिक टिकाऊ ठरला, आणि त्या संग्रहानेच त्यांचे निष्कर्ष तपासले.

२७/
म्हणून ‘डॉसन बरोबर की चूक?’ हा प्रश्नच मला मान्य नाही. त्याचे किमान चार प्रश्न करावे लागतात. पानांशिवायच्या वाहिनीवंत वनस्पती होत्या का? होत्या, डॉसन बरोबर. त्यांनी जोडलेले अवयव एकाच वनस्पतीचे होते का? नव्हते, डॉसन चूक. प्रोटोटॅक्साइट्स वृक्ष होता का? नव्हता, चूक. इओझून प्राणी होता का? नव्हता, चूक, आणि हट्टाने चूक. या चार उत्तरांची बेरीज करून एका माणसाला गुण देता येत नाहीत, आणि तशी गरजही नाही. प्रत्येक उत्तर आपापल्या दगडावर उभे आहे.

२८/
पुढच्या वेळी ते चित्र तुमच्यापर्यंत आले, तर पाठवणाऱ्याला एकच विचारा: यातली कोणती पिशवी कोणत्या काडीला जोडलेली सापडली? उत्तर मिळाले नाही तर ह्यूबर आणि बँक्स यांची नावे आणि १९६७ हे वर्ष कळवा. आणि हीच सवय वनस्पतींपुरती ठेवू नका. एखाद्या किल्ल्याची, लढाईची, ताम्रपटाची थरारक गोष्ट पुढे ढकलण्यापूर्वी तिचे तुकडे मोकळे करून पाहा: कोणता तपशील कोणत्या कागदात आहे, आणि कोणता केवळ शेजारी पडला होता म्हणून जोडला गेला. धागा समाप्त. असहमत असाल तर जरूर लिहा. फक्त सोबत नमुना आणा.